हरलेल्या डावाची नोंद

 आज इतिहासातली एक गोष्ट सांगते. लढाईचीच आहे, पण तलवारीची नाही, चौसष्ट घरांच्या पटावरची. गाव कलकत्ता आणि साल १८५५. खेळणारे दोघं होते. एक स्कॉटलंडहून आलेला बॅरिस्टर, जॉन कॉक्रेन. दुसरे बंगालच्या आडभागातले एक गृहस्थ, महेशचंद्र बॅनर्जी.

डाव २१ खेळ्यांत संपला आणि महेशचंद्र हरले. तरी आज जगातल्या मोठमोठ्या स्पर्धांत महेशचंद्रांनी त्या दिवशी काळ्या मोहऱ्यांची जशी मांडणी केली, तशीच मांडणी करून खेळाडू खेळतात. म्हणजे डाव हरला, पण डावामागचा विचार टिकला. हे कसं झालं? एकाच कारणानं. त्या डावातली प्रत्येक चाल कागदावर लिहून ठेवलेली होती.

आपल्या गटांच्या बैठकीत नोंदवही उघडायची वेळ आली की कुरकूर होते. "आता काय लिहायचं, सगळ्यांना माहीत आहे की," असं कुणीतरी म्हणतंच. म्हणून ही गोष्ट निवडली.

पट आणि मोहरे

ज्यांना बुद्धिबळ येत नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. पटावर आठ उभ्या आणि आठ आडव्या रांगा, मिळून ६४ घरं. प्रत्येकाकडे १६ मोहरे. राजा एक, वजीर एक, हत्ती दोन, उंट दोन, घोडे दोन आणि पुढच्या रांगेत आठ प्यादी. हत्ती सरळ जातो, उंट तिरका जातो, घोडा अडीच घरं उडी मारतो. वजीर सरळही जातो आणि तिरकाही. राजा कुठल्याही बाजूला, पण एकच घर. समोरच्याच्या राजावर हल्ला केला की तो शह. राजाला सुटायला जागाच उरली नाही की मात, आणि डाव संपला.

हा खेळ आपल्याच देशातून निघाला. इथून इराणात गेला, तिथून अरबांकडे आणि पुढं युरोपात. तिकडं जाताना त्यात बदल होत गेले. एक बदल तर आपल्या कामाचा आहे. आपण ज्याला वजीर म्हणतो, त्याला युरोपात राणी म्हणायला लागले. पूर्वी हा मोहरा दुबळा होता, तिरका एकच घर चालायचा. साधारण पाचशे वर्षांपूर्वी युरोपात त्याला आजच्यासारखी लांबवर जायची ताकद मिळाली. म्हणजे तिकडच्या पटावर सगळ्यात जोरदार मोहरा राणी आहे. आपल्याकडं ती ताकद आली, पण नाव वजीरच राहिलं.

दुसरा बदल नियमांचा. युरोपात प्यादं पहिल्या चालीला दोन घरं पुढं जाऊ शकतं. आपल्या देशी पद्धतीत बहुतेक ठिकाणी प्यादं एकेकच घर सरकायचं. तिकडं राजा आणि हत्ती मिळून एकाच चालीत जागा बदलतात, राजा कोपऱ्याकडं सुरक्षित जातो. त्याला किल्लेकोट म्हणतात. आपल्याकडं किल्लेकोट नव्हता, पण राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची. म्हणजे देशी खेळ सावकाश चालणारा होता. आधी आपलं घर नीट लावायचं, मग भांडायला निघायचं. हा फरक ध्यानात ठेवा, कारण डावाची किल्ली त्यातच आहे.

दोघं कोण होते

जॉन कॉक्रेन काही पोटासाठी बुद्धिबळ खेळत नव्हता. त्याचा धंदा वकिलीचा. पण हौस दांडगी. १८२२ साली त्यानं बुद्धिबळावर पुस्तक लिहिलं होतं. नंतर तो हिंदुस्थानात आला आणि कलकत्त्यात वकिली करू लागला. मधे रजेवर लंडनला गेला, तेव्हा तिथल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूशी, हॉवर्ड स्टॉन्टनशी, त्यानं शेकडो डाव खेळले. परत आला, तर कलकत्त्यात त्याच्या तोडीचं कुणी सापडेना.

१८४८ च्या सुमाराला कलकत्त्याच्या बुद्धिबळ क्लबातल्या एका साहेबाच्या कानावर आलं, की आडगावात एक ब्राह्मण आहे, तो म्हणे कधी हरलेलाच नाही. तेच महेशचंद्र. साहेबानं त्यांच्याशी खेळून पाहिलं. पुढं कॉक्रेनची आणि त्यांची गाठ पडली. कॉक्रेननं त्यांना हरवलं, पण हरवतानाच त्याला कळलं की हा माणूस साधा नाही. मग दोघं वर्षानुवर्षं एकमेकांशी खेळत राहिले. एक-दोन नाही, शेकड्यांनी डाव. जास्त कॉक्रेननं जिंकले, काही महेशचंद्रांनी जिंकले, काही बरोबरीत सुटले.

काळ कसा होता, तेही बघा. १८४८ म्हणजे पुण्यात भिडेवाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ते साल. बाईनं पाटीवर अक्षर काढलं तर लोक शेण-दगड मारायचे तो काळ. हिंदुस्थानात राज्य कंपनी सरकारचं. आंतरराष्ट्रीय म्हणावी अशी बुद्धिबळाची पहिली स्पर्धासुद्धा लंडनला १८५१ मधे झाली. त्यामुळं कलकत्त्याच्या या दोघांच्या डावामागं ना मोठं बक्षीस होतं, ना पदक. पण डाव लुटुपुटीचे नव्हते. एका बाजूला राज्यकर्त्यांच्या देशातला शिकलेला बॅरिस्टर, दुसऱ्या बाजूला त्याच्या नियमांनी खेळायला उशिरा शिकलेला देशी माणूस. दोघंही जिंकण्यासाठीच बसायचे.

आणि डाव झाला की कॉक्रेन तो लिहून ठेवायचा. जिंकलेले ठेवले, हरलेलेही ठेवले. त्यातले कितीतरी डाव लंडनच्या बुद्धिबळ मासिकात छापले गेले.

तो डाव

आता १८५५ चा डाव बघू. पांढरे मोहरे कॉक्रेनकडं, म्हणून पहिली चाल त्याची. त्यानं वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढं टाकलं. दुसऱ्या चालीला त्याच्या शेजारचं प्यादंही दोन घरं. म्हणजे आल्या आल्या पटाचा मधला भाग धरला. पटाचा मध्य म्हणजे गावाचा चौक समजा. चौक ज्याच्या हातात, त्याला चारी वाटा मोकळ्या. युरोपात तेव्हा हेच शिकवत की आधी चौक धरा.

महेशचंद्रांनी चौकात धाव घेतली नाही. त्यांनी पहिल्या चालीला घोडा बाहेर काढला. दुसऱ्या चालीला कडेचं एक प्यादं फक्त एक घर सरकवलं. साहेब लोकांना हे भित्रं वाटलं असतं. पण ते प्यादं सरकल्यामुळं मागच्या उंटाला जागा झाली. तो उंट त्या जागी बसला आणि तिथून थेट तिरकी नजर पटाच्या मध्यावर. म्हणजे चौकात दुकान तुझं असू दे, मी कोपऱ्यावर बसून तुझ्यावर लक्ष ठेवते, असा तो डाव. हळू सरकणारी प्यादी आणि कोपऱ्यातून मारा करणारे उंट ही देशी खेळाची सवय, असं बुद्धिबळाचे अभ्यासक सांगतात. महेशचंद्रांनी युरोपी नियम घेतले, पण चाल आपली ठेवली.

पण ते नुसते बसून राहिले नाहीत. तिसऱ्याच चालीला त्यांनी वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढं टाकून कॉक्रेनच्या प्याद्याला भिडवलं. प्यादी मारली गेली, घोड्याला घोडा गेला. दोघांनीही किल्लेकोट करून राजे कोपऱ्यात नेले. मग महेशचंद्रांनी बाजूनं आणखी एक प्यादं आणून मध्यावर घाव घातला. दहा-बारा चालींनंतर चित्र असं होतं: चौकात कॉक्रेनचं एक प्यादं उभं आहे, आणि काळा उंट, काळा घोडा, काळा वजीर, तिघांची नजर त्याच्यावर. महेशचंद्रांचं घर अगदी नीट लागलेलं. इथपर्यंत डाव बरोबरीचा.

चौदाव्या चालीला कॉक्रेननं वजीर बाजूला नेला. तिथून त्याची तिरकी नजर काळ्या राजाच्या शेजारच्या प्याद्यावर गेली. मग त्यानं हत्ती पुढं घालून महेशचंद्रांच्या वजिराला हुसकवलं. काळा वजीर दोन चालींत होता त्या घरी परत. सतराव्या चालीला पांढरा घोडा राजाच्या अगदी जवळ येऊन उभा राहिला. आता त्याच एका प्याद्यावर वजीर आणि घोडा, दोघांचा डोळा.

इथं महेशचंद्रांनी समोर दिसणारा पांढरा उंट मारला. मोहरा तर मिळाला. पण कॉक्रेननं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. अठराव्या चालीला त्याच्या घोड्यानं राजाशेजारचं ते प्यादं उचललं, आणि तिथं बसून काळ्या वजिरावर डोळा ठेवला. महेशचंद्रांनीही तोडीस तोड उत्तर दिलं. आपला घोडा पांढऱ्या वजिरावर घातला. तू माझा मारतोस, तर मी तुझा मारतो.

पण कॉक्रेनला वजीर मारायचाच नव्हता. घोडा बाजूला उडाला आणि राजावर एकदम दोन शह बसले. एक घोड्याचा, आणि घोडा हटल्यानं वाट मोकळी झाली म्हणून दुसरा मागच्या वजिराचा. राजाला कोपऱ्यातल्या शेवटच्या घरात जावं लागलं. मग कॉक्रेननं आपला वजीर, सगळ्यात ताकदीचा मोहरा, सरळ काळ्या राजाच्या शेजारी नेऊन बसवला. राजाला तो मारता येईना, कारण मागं घोड्याचा आधार. हत्तीनं मारावा लागला. हत्तीनं वजीर मारला आणि तो राजाला चिकटून बसला. आता राजाच्या एका बाजूला स्वतःचा हत्ती, पुढं स्वतःचा उंट आणि स्वतःचं प्यादं. हलायला तसूभर जागा नाही. घोड्यानं पुन्हा उडी घेतली, शह दिला, आणि तीच मात. राजा आपल्याच माणसांत कोंडून मेला.

बायांनो, यात दोन गोष्टी आहेत. महेशचंद्रांनी डावाची जी सुरुवात केली ती चुकीची नव्हती. चूक पुढं झाली, सतराव्या चालीच्या आसपास, राजाशेजारच्या एका प्याद्याकडं बघायचं राहिलं तिथं. पण नुसतं "कॉक्रेन जिंकला, महेशचंद्र हरले" एवढंच कुणी सांगितलं असतं, तर लोक म्हणाले असते की देशी पद्धतच कच्ची. चाली लिहिलेल्या होत्या म्हणून पुढच्या माणसाला वेगळं करता आलं, की बरोबर काय होतं आणि बिघडलं कुठं. निकाल एका ओळीचा असतो. शिकायला मिळतं ते मधल्या चालींतून.

नाव कुणाचं लागलं

पुढं काय झालं बघा. १९२२ साली व्हिएन्नाच्या एर्न्स्ट ग्रुनफेल्ड नावाच्या खेळाडूनं हीच सुरुवात मोठ्या स्पर्धांत खेळून दाखवली. पुढं जगज्जेता झालेल्या अलेखाइनला त्यानं तीच सुरुवात करून हरवलं. तेव्हापासून तिचं नाव पडलं ग्रुनफेल्ड बचाव. महेशचंद्रांच्या डावाला तेव्हा ६७ वर्षं झाली होती.

मग महेशचंद्रांचं काय? पहिल्या चालीला घोडा काढून, प्यादं हळू सरकवून, मध्यावर लांबून मारा करायचा, या सगळ्याच प्रकारांना १८८४ पासून 'भारतीय बचाव' असं नाव मिळालेलं दिसतं. ते नाव महेशचंद्रांच्या खेळामुळंच पडलं. पुढं त्याच्या फांद्या फुटल्या. किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, निम्झो-इंडियन. जगात कुठंही बुद्धिबळाचं पुस्तक उघडा, ही नावं सापडतील. म्हणजे देशाचं नाव लागलं. माणसाचं नाही लागलं.

आणि कॉक्रेनचं? १८४८ मधे त्यानं महेशचंद्रांशीच खेळताना चौथ्या चालीला घोड्याचा बळी देऊन राजाशेजारचं प्यादं मारलं होतं. त्या सुरुवातीला आजही 'कॉक्रेन गँबिट' म्हणतात. गंमत म्हणजे १८५५ च्या डावातही घोडा पडला तो त्याच घरावर. एकाच पटावर समोरासमोर बसलेली दोन माणसं. एकाच्या चालीला त्याचं स्वतःचं नाव, दुसऱ्याच्या चालीला सगळ्या देशाचं.

शिवाय महेशचंद्रांचं नाव इंग्रजी मासिकांत धड एकसारखं लिहिलेलं नाही. कुठं मोहेशचंदर, कुठं मोहिशुंदर. ऐकलं तसं लिहिलं. आधार कार्डावर एक नाव, पासबुकावर दुसरं, रेशन कार्डावर तिसरं, हे ज्यांनी भोगलंय त्यांना यातली अडचण वेगळी सांगायला नको.

तरीही एक गोष्ट कॉक्रेनच्या बाजूनं म्हटली पाहिजे. त्यानं डाव लिहिले नसते, तर महेशचंद्रांचं चुकीचं नावसुद्धा आज आपल्यापर्यंत आलं नसतं. त्यांच्यासारखे गावोगावचे किती खेळणारे असतील, पाराखाली, वाड्यात, देवळाच्या ओवरीत बसलेले. त्यांच्या चाली त्यांच्याबरोबरच गेल्या.

बायांचे डाव

घरात बसून खेळणाऱ्या बायांचं तर आणखीनच. पण जिथं नोंद झाली, तिथं काय घडलं तेही सांगते.

१९३३ साली इंग्लंडमधे हेस्टिंग्ज गावी ब्रिटिश महिला अजिंक्यपद स्पर्धा झाली. ती जिंकली एका हिंदुस्थानी बाईनं. ११ डावांत साडेदहा गुण. म्हणजे दहा डाव जिंकले, एक बरोबरीत, हरली एकही नाही. ही बाई पंजाबातल्या सर उमर हयात खान या जहागीरदाराच्या लंडनमधल्या घरी कामाला होती. नोंदीत तिचं नाव आहे 'मिस फातिमा'. एवढंच. बापाचं नाव नाही, गाव नाही. त्यानंतर लवकरच जहागीरदाराचं बिऱ्हाड हिंदुस्थानात परतलं, आणि फातिमाचं स्पर्धांतलं खेळणं तिथंच संपलं. जिंकणारी बाई, पण पुढं खेळायचं की नाही हे ठरवणं तिच्या हातात नव्हतं.

त्याच जहागीरदाराच्या पदरी मीर सुलतान खान होते. तेही देशी पद्धतीवर वाढलेले. त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद तीनदा जिंकलं, १९२९, १९३२ आणि १९३३ ला. माजी जगज्जेत्या कापाब्लांकालाही त्यांनी हरवलं. ते १९६६ साली वारले. जागतिक बुद्धिबळ महासंघानं त्यांना ग्रँडमास्टर हा मानाचा किताब दिला २०२४ मधे, मरणानंतर ५८ वर्षांनी. कशाच्या बळावर दिला? डाव कागदावर होते. कागद नसता तर कुणी कुणाला काय सांगितलं असतं?

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. १९७४ साली आपल्या देशात महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. ती जिंकली मुंबईच्या वासंती खाडिलकरांनी. मग त्यांच्या बहिणी जयश्री आणि रोहिणी. पहिली दहा-एक वर्षं या तिघी बहिणींनी राष्ट्रीय विजेतेपद जवळजवळ घरातच ठेवलं. १९७६ मधे रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. तोवर त्या स्पर्धेत बाई खेळलीच नव्हती. मोठा गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. शेवटी जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला, की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बाई म्हणून कुणाला अडवता येणार नाही. एका मुलीनं पटासमोर बसायचा हट्ट धरला, आणि त्यातून जगभरच्या बायांसाठी लेखी नियम झाला. नंतर १९८१ मधे रोहिणी आशियाच्या विजेत्या झाल्या.

आणि २०२५ चं तर ताजं आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियात बटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत समोर आपलीच कोनेरू हम्पी होती. त्या विजयानं दिव्या ग्रँडमास्टर झाली. तिच्या डावाची प्रत्येक चाल त्याच क्षणी जगभर दिसत होती. तालुक्याच्या गावातली मुलगी आज तो डाव मोबाइलवर पुन्हा मांडून बघू शकते, कुठं काय खेळली ते शिकू शकते. फातिमाच्या वेळी हे शक्य नव्हतं.

आपली वही

स्पर्धेत बुद्धिबळ खेळताना एक नियम असतो. दोन्ही खेळाडूंनी प्रत्येक चाल आपल्या कागदावर लिहायची. दोघांनीही. डाव संपला की निकाल लिहून दोघांनीही सही करायची. हरणाऱ्यानंही. मला हा नियम फार आवडतो. हरणाऱ्याची सही घेतात ती त्याला खिजवायला नाही. डाव असा झाला, याला दोघं साक्षी आहेत, म्हणून.

आपल्या बचत गटाच्या पंचसूत्रीत काय आहे? नियमित बैठक, नियमित बचत, नियमित कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित नोंदी. पहिल्या चार गोष्टी आपण नेटानं करतो. पाचवी मागं राहते. गटांच्या वह्या बघणं हे माझं कामच आहे. कितीतरी वह्यांत दर महिन्याला तेच वाक्य असतं, "चर्चा झाली व सर्वांनी संमती दिली." चर्चा कशावर झाली? कुणी हरकत घेतली? शेळ्या घेऊ नका, यंदा चारा नाही, असं कुणी म्हणालं होतं का? ते वहीत नसतं. दोन वर्षांनी शेळ्यांचा व्यवसाय बुडाला की सगळ्या म्हणतात, नशीब. नशीब नव्हतं. सतरावी चाल होती ती. पण लिहिलेलीच नाही, तर सापडणार कुठं?

हप्ता थकला की मैत्रिणी लिहिणारीला म्हणतात, "हे लिहू नकोस गं, बरं दिसत नाही." लाज वाटते हे खरं आहे. पण हप्ता का थकला तेही पुढं लिहा. नवरा आजारी होता, कांद्याचा भाव पडला, पाऊस लांबला. कारण लिहिलं की ती बाई नुसती थकबाकीदार राहत नाही, तिच्यावर काय गुजरलं ते दिसतं. पुढच्या वेळी गट शहाणपणानं निर्णय घेतो. नुसता आकडा लिहिला तर फक्त निकाल राहतो.

आणि नावं पूर्ण लिहा. "पाटील वहिनी", "बाळूची आई" असं वहीत नको. बाईचं स्वतःचं नाव, पूर्ण, आणि आधार कार्डावर आहे तसंच. लोणच्यात मीठ-तेलाचं प्रमाण कुणी बसवलं, वाळवणाला नवी जाळी कुणी सुचवली, ते त्या बाईच्या नावानं लिहा. नाहीतर उद्या त्या लोणच्याला गावाचं नाव लागेल, गटाचं नाव लागेल, ते चांगलंच आहे, पण ज्या हातानं ते केलं तो हात विसरला जाईल.

शेवटचं एक. बुद्धिबळाचा पट काही महाग नसतो. गटातल्या चार जणींनी मिळून एक घेतला तरी वस्तीतल्या मुलींना पुरेल. नियम शिकायला एक रविवार लागतो. मुली खेळतील तेव्हा त्यांच्या हातात एक वही द्या आणि चाली लिहायला लावा. उभ्या आठ रांगांना अ पासून आठ अक्षरं द्या, आडव्या रांगांना एक ते आठ आकडे द्या. मग कुठला मोहरा कुठल्या घरात गेला, एवढं लिहिलं की झालं. हरलेला डाव आधी लिहायचा, मग घरी येऊन पुन्हा मांडून बघायचा.

कुणाच्या गावात मुली खेळायला लागल्या, तर मला त्यांचा एखादा लिहिलेला डाव पाठवा. जिंकलेलाच पाहिजे असं काही नाही.